दोन तिरक्या रेघा

हडपसरच्या गाडीतळावर रोज सकाळी एक सॉफ्टवेअरवाला तरुण कंपनीच्या बसची वाट बघायचा आणि मी पीएमटीची. त्याच्या गळ्यात ओळखपत्र, डोळे मोबाईलमध्ये. माझ्या मुलीला कॉम्प्युटरच्या कोर्सला जायचंय हे कळल्यापासून तो मला न विचारता सल्ले देऊ लागला. सोमवारी म्हणाला, "काकू, तिला पायथन शिकवा. जावा भाषा संपली." गुरुवारी मोबाईलवर कसलीशी बातमी वाचून म्हणाला, "पायथन काय, आता एआयच लिहून देतं. जावाच बरी, बँका अजून तिच्यावरच चालतात." मी दोन्ही निरोप इमानाने घरी पोचवले. मुलगी म्हणाली, "आई, तू उद्यापासून रिक्षाने जा."

एकदा मी विचारलं, "मग जुनं लिहिलेलं सगळं पुसून टाकता का हो?"

"छे! पुसायचं धाडस कोण करणार? प्रोग्रामच्या ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा मारतो. ओळ तिथेच राहते, फक्त चालत नाही. न जाणो, उद्या लागली तर!"

परवा त्याची बस आली, दार उघडलं, पण तो चढलाच नाही. बस निघून गेली. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, गळ्यात ओळखपत्र नव्हतं.

"अहो, बस गेली तुमची!"

"हो." त्याने स्वतःच्या छातीसमोर बोटाने हवेत दोन तिरक्या रेघा मारल्या.

हसावं की धीर द्यावा, मला कळेना.

"काकू," तो म्हणाला, "तुमच्या मुलीने शेवटी काय शिकायचं ठरवलं?"

पहिल्यांदाच तो मला विचारत होता.