निरोगी गटातले हिरालालकाका

आमच्या शेजारचे हिरालाल गजभिये रायपूरच्या रेल्वे कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि पुढचं वर्ष त्यांनी निव्वळ दुखण्यात काढलं. आज गुडघा, उद्या पित्त, परवा छातीत 'काहीतरी'. मायाकाकू काढे करून थकल्या. आम्ही तर त्यांची तब्येत विचारणंच सोडलं, कारण विचारलं की तासाभराची निश्चिंती.

मग एका संशोधन संस्थेत त्यांची वर्णी लागली. तिथली निवेदिता नावाची तरुण शास्त्रज्ञ शोधत होती, की एकच विषाणू एकाला खाटेवर आडवं करतो आणि दुसऱ्याच्या अंगाला लागतही नाही, हे कसं? आजाऱ्याच्या रक्तातल्या पेशी कुठे चुकतात हे कळायला न चुकणाऱ्या पेशी शेजारी ठेवून बघाव्या लागतात. त्यासाठी तिला वर्षभर दर महिन्याला रक्त देणारी, साठीपुढची धडधाकट माणसं हवी होती. काका गेले होते ते तपासणी फुकट होते म्हणून. सगळं ठणठणीत निघालं तेव्हा आधी त्यांचा चेहराच पडला. पण निरोगी गटात नाव लागलंय म्हटल्यावर मात्र जे फुलले ते फुललेच.

गुडघा गेला, पित्त गेलं. लेकाच्या नोकरीबद्दल बोलावं तसे ते "माझ्या पांढऱ्या पेशी" म्हणून बोलू लागले. निवृत्तीनंतर पुन्हा एक पद मिळालं होतं. अट एकच, मध्ये सर्दीताप झाला की नाव कटणार. मग काय! लग्नाकार्यांना जाणं बंद. गोल बाजारात कोणी शिंकलं की हे पलीकडच्या बाजूने 'जय भीम' करणार. मला तर सरळ म्हणाले, "खोकून राहिला ना बाप्पा तू, घरात जाय." मी माझ्याच अंगणात उभा होतो! असा राग आला म्हणता!

शेवटचं रक्त द्यायचं तेवढं राहिलं होतं, आणि भिलाईहून त्यांची लेक रीना आली. सोबत तिची चिमुरडी देवश्री, नाक धो धो वाहणारी. काकांनी नातीला पाहिलं आणि बिऱ्हाड गच्चीवर हलवलं. जेवणाचं ताट जिन्यात. पोर खालच्या पायरीवर उभी राहून हाका मारायची, "आजोबा, नीचे आओ ना!"

"काहून छळून राहिले पोरीले?" काकू ओरडल्या.

"एकच डाव रक्त द्याचं राह्यलं, माया. मंग घेतो ना तिले."

"मंग पोट्टी आपल्या घरी जाईन!"

काका हलले नाहीत. पण एक दिवस देवश्रीने हाक मारलीच नाही. आजीबरोबर जिन्यात ताट ठेवलं आणि वर न बघता मुकाट मागे फिरली. काका कठड्यावरून बघत होते. पुढच्या क्षणी तो माणूस अनवाणी जिना उतरला, नातीला उचललं, आणि तिने त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याला मनसोक्त नाक पुसलं. काका रडत होते. मलाही गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू.

मग काका शिंकू लागले, रीना शिंकू लागली, भिंतीपलीकडे मीही. रक्ताच्या दिवशी काका मास्क लावून, राजीनामा द्यायला निघाल्यासारखे निघाले. सोबत काकू.

"कोई बात नहीं अंकल," निवेदिता म्हणाली, "आपने जानबूझकर थोड़े ही किया."

"जानबूझकेच किया," काका म्हणाले.

ती हसली. मग घरची हकीकत ऐकता ऐकता तिचं लक्ष काकूंकडे गेलं. घरातले सगळे आडवे, सगळ्यांची नाकं यांनीच पुसलेली, आणि यांना साधी शिंक नाही? "आंटी, आपको आख़िरी बार बुखार कब आया था?"

"मले?" काकूंना आठवेना. त्यांनी काकांकडे पाहिलं. आपल्या प्रत्येक ढेकराची बातमी गल्लीभर देणारा हा माणूस. बायकोला ताप कधी आला होता, हे त्याला सांगता येईना. काका इतके ओशाळले की शिंकायचंही विसरले.

आता नव्या वर्षाच्या निरोगी गटात काकू आहेत. दर महिन्याला त्या आत जाऊन रक्त देतात आणि काका त्यांची पर्स मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसतात. कोणी ना कोणी विचारतंच, "काय झालं बाईंना?"

"काई नाई झालं तिले," काका छाती काढून सांगतात, "म्हणूनच त बोलावते."