मले काऊन मारलं?

चपराक बसली तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. गाल चोळायलाही हात मोकळा नव्हता.

बुलढाण्याकडच्या धाड गावाच्या पलीकडं एका बड्या घरचं लग्न. मंडपामागं आम्ही बाया पुऱ्या लाटत होतो. लाटता लाटता पदर सरकला, गळ्यातला क्रूस बाहेर आला. नवरीची आई नेमकी तेव्हाच मागं आली. सगळे तिला मालकीण म्हणतात. तिनं आधी क्रूस पाहिला. मग मला पाहिलं.

"हे तर बाटगी हाय! हिले कोनं बसवलं इथं?"

मी उठायच्या आत तिचा हात पडला. मळलेली कणीक तिनं गड्याकडून नालीत फेकवली. पोळपाट-लाटणंसुद्धा. नवरदेवाकडच्यांना कळू नये म्हणून मला मागच्या काटेरी कुंपणातून हाकललं. साडी फाटली. सोबतच्या एकाही बाईनं मान वर केली नाही.

माझ्या सासऱ्यांनी येशूला धरलं ते माणूस म्हणून जगायला. गाव आमची जुनी, शिवायची नसलेली जात विसरलं नाही, वरून बाटगे हे नाव दिलं. ठाण्यात गेले तर हवालदार म्हणाला, "तुम्ही ख्रिश्चन. तो जातीचा, अॅट्रॉसिटीचा कायदा तुम्हाला लागत नाही." मारताना जात दिसते. तक्रार लिहिताना दिसत नाही.

नवरा म्हणाला, "जाऊ दे व. मोठी मानसं हायेत. कामं बंद होतीन."

रविवारी बुलढाण्याहून येणारे पास्टर म्हणाले, "ताई, दुसरा गाल पुढं करा."

मी मान डोलावली. पण प्रार्थनेला डोळे मिटले की तिचंच तोंड दिसायचं. ओठांवर स्तुती. आत एकच मागणं, देवा, तिचं घर जळू दे.

मग गुड फ्रायडे, आमचा शुभ शुक्रवार आला. पास्टर येशूच्या शेवटच्या रात्रीचं वाचत होते. त्याला बांधून महायाजकापुढं, देवळाच्या मुख्य पुजाऱ्यापुढं, उभं केलंय. शिपाई त्याच्या तोंडात मारतो. आणि येशू त्याला विचारतो, माझं काय चुकलं ते दाखव. चुकलं नसेल तर मला का मारलंस?

पास्टर पुढं वाचत गेले. मी तिथंच अडकले. दरसाल ऐकलं होतं, पण कानात शिरलं नव्हतं. त्यानं दुसरा गाल पुढं केला नाही. बांधलेल्या हातांनी जाब विचारला.

मी दिवस मुद्दाम निवडला. मालकिणीकडं नवे व्याही आले होते. ओसरीवर चहा चालला होता. मी पुढच्या दारानं आत गेले.

"बाई, तुमी मले काऊन मारलं?"

ती पांढरी पडली. "कोन व तू? निंघ इथून!"

विहिणीनं कप खाली ठेवला. "काय झालं हो?"

"मी ख्रिश्चन हाय म्हनून यायनं मले तुमच्या पोराच्या लग्नात मारलं. कणीक नालीत फेकली. पन तवा तुमची पयली पंगत जेवून उठली होती. त्या पुऱ्या म्याच लाटल्या होत्या. गोड लागल्या ना?"

विहिणीचा हात तोंडावर गेला. मला फार बरं वाटलं. अजून वाटतं.

मालकीण उठली. हात उगारला. मी मनगट धरलं. तिच्या बांगड्या माझ्या तळव्यात रुतल्या, तरी सोडलं नाही.

"आधी सांगा. काऊन मारलं?"

ती मनगट ओढत राहिली. मग मीच हात सोडला.

लग्नाची कामं बंद झाली. आता मी धाडच्या बाजारात भज्यांची कढई लावते. खाणारे खातात, थुंकणारे थुंकतात.

पास्टर अजून म्हणतात, "क्षमा करा." करीन. पण क्षमा माझी आहे. ती मी तिच्या घरी पोचवून देणार नाही. तिनं मागावी. ज्या बायांसमोर मारलं, त्यांच्यासमोर मागावी. तोवर ती बाजारात दिसली की मी कढई उतरवते आणि मोठ्यानं विचारते.

ती गल्ली बदलते. मी मागं जाते.