दत्तू ड्रायव्हरची माणसं

दत्तू ड्रायव्हर भेटला की नमस्कार करायचा नाही. सरळ तुमचा हात ओढून घ्यायचा, कोपर ताठ करायचा आणि आतल्या बाजूला अंगठा दाबून शीर बघायचा. मी रामनगरच्या मराठी शाळेत रुजू झालो, त्या आठवड्यात भर बाजारात त्याने माझी अशी तपासणी केली. "शीर झकास हाय की वो मास्तर! रक्त कवा दिलासा?" मला नुकतीच कावीळ होऊन गेलीय म्हटल्यावर, किडकं वांगं टोपलीत परत टाकावं तसा त्याने माझा हात सोडला. पुढे आमची दोस्ती झाली, पण त्या कामासाठी मी बाद तो बादच.

कुंभारवाड्यापासून अणशीपर्यंतच्या रानातल्या गावांतून त्याची जीप फिरायची. रोगी बेळगावला न्यायचा, तर रक्तपेढी म्हणणार, रक्त देणारी माणसं आणा. आणि आमच्या रानातला गडी तर सुई बघितली की मागच्या दाराने पळणार. रक्त दिलं की माणूस कायमचा खंगतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. दत्तूने एकेकाला गाठून, चेष्टा करून, शिव्या देऊन दहाबारा जण तयार केले होते. त्याचं स्वतःचं गाव सुप्याच्या धरणात बुडालेलं. तो म्हणायचा, "आख्खा गाव दिला सरकारला, तवा कोन मेलं न्हाई. आता बाटलीभर रक्तानं मरतासा व्हय?" रक्त देऊन परत आलेल्या सगळ्यांना त्याची बायको सुमनअक्का अंगणात बसवून पेज वाढायची आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "खावा रं पोटभर. ह्यो बाबा तुमास्नी पिळून काढतोय."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका पावसाळ्यानंतर डेंगीचा ताप आला. आमच्याकडचे सरकारी डॉक्टर तरुण होते, धारवाडकडचे, मराठी मोडकं. ताप उतरल्यावरच जास्त जपा, पाणी पाजत राहा, असं ते घरोघर सांगत फिरत. लाकडाच्या एका ठेकेदाराचा मुलगा आजारी पडला. त्याच्या रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी झाल्या होत्या. पण पोरगा उठून बसत होता, बिस्किटं खात होता. त्याला दवाखान्यात आणलं, तेव्हा तापाच्या गोळ्या न्यायला आलेलो मी तिथेच होतो. डॉक्टर ठेकेदाराला म्हणाले, "आकडा बघू नका, माणूस बघा. नाकातून, हिरड्यांतून रक्त येत नाही. नाडी चांगली, लघवी होते. याला प्लेटलेट नको. मी लक्ष ठेवतो."

ठेकेदाराला लक्ष नको होतं, बाटली हवी होती. "माझ्या पोराचा आकडा पडतोय आणि तुम्ही नुसतं बघत बसणार?" म्हणत त्याने मुलाला बेळगावच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये हलवलं. तिथे कुणी नको म्हटलं नाही. एका माणसाच्या रक्तातून प्लेटलेटची छोटी पिशवी निघते, म्हणून बरीच माणसं लागतात. ठेकेदाराने दत्तूला निरोप धाडला. दत्तूने काही विचारलं नाही. लेकराचा जीव जातोय म्हटल्यावर तो काय विचारणार? आपली सगळी माणसं जीपमध्ये कोंबली आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हात पुढे केला. मला हे कळलं ते सगळे परतल्यावर. मुलगा बरा झाला. तो होणारच होता. ठेकेदाराने गावात पेढे वाटले, आणि डॉक्टरला काही कळत नाही हे प्रत्येक पेढ्याबरोबर सांगितलं. लोकांनी पेढाही घेतला आणि ते म्हणणंही.

पंधरवडा उलटला नसेल, सुमनअक्का तापली. ताप उतरला आणि तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि स्वतः जीपपर्यंत धावत आले. "आता प्लेटलेट पाहिजे. रक्तपण पाहिजे. आता थांबायचं नाही." जीप दत्तूच चालवत होता; मी मागे अक्काचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. रस्ताभर ती विचारत होती, "मास्तर, गाडी कोन चालिवतंय? ह्येनी जेवल्यात न्हवं?"

अक्काला बेळगावच्या इस्पितळात दाखल केलं, पण तापाच्या साथीने रक्तपेढी रिकामी झालेली. दत्तूने हात पुढे केला. तिथल्या माणसाने त्याला लगेच ओळखलं. "अहो, तुम्ही परवाच तर दिलंत. तीन महिने घेता येत नाही." दत्तूने बाही आणखी वर सरकवली, जणू त्या माणसाला दंड नीट दिसला नसावा. मागून दुसऱ्या गाडीने त्याची माणसं आली. तीही सगळी ठेकेदाराच्या पोरासाठी देऊन गेलेली. मी माझा हात पुढे केला, तो काविळीमुळे नाकारला. मग आम्ही बेळगावच्या रस्त्यांवर अनोळखी लोकांना विनवत फिरलो. कॉलेजची दोन पोरं कशीबशी तयार झाली. त्यांना घेऊन पोचलो, तेव्हा अक्का गेली होती.

ठेकेदार दुखवट्याला आला. म्हणाला, "देवाची मर्जी." मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. अजूनही वाटतं.

दत्तूने पुढे जीप विकली आणि तो गोव्याला गेला, पुन्हा भेटला नाही. जायच्या आधी मला घेऊन तो डॉक्टरांच्या घरी गेला. खुर्ची दिली तरी उंबऱ्याशीच बसला.

"सायेब, खरं सांगा. त्या पोराला आमचं रक्त दिलं नसतं, तर ते मेलं असतं काय?"

डॉक्टर खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "नाही. आकडा आपोआप वर आला असता. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"कुनाला सांगितलासा?"

"ठेकेदारांना."

"आनि रक्त कुनाचं हुतं? आमास्नी का न्हाई सांगितलासा?"