ओट्यावरची मिसरी

बंधाऱ्याची भिंत दिसायला लागली, म्हणजे निम्मी वाट सरली, तेव्हा लंकाबाईनं तोंडातला कापसाचा बोळा काढला आणि कागदात गुंडाळून कनवटीला लावला.

"तासभर बोलायचं न्हाई म्हनली ती डॉक्टरीण पोर. झाला का तास?"

"होऊन गेला," रोहिणीबाई म्हणाल्या. "पण थुंकायचं नाही आज. आणि बोलायचंही बेतानं."

"एवढा वेळ गप मी आजारपनातबी न्हवते बसले."

शेवगावहून येताना एसटीनं त्यांना फाट्यावर सोडलं होतं आणि आत गावाकडं जाणारी जीप त्यांच्या डोळ्यांदेखत भरून निघून गेली होती. मग दोघी चालतच निघाल्या. लंकाबाई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, रोहिणीबाई त्याच शाळेत शिकवायच्या. एकोणीस वर्षं एका आवारात गेली, पण अशी लांबची वाट दोघी बरोबरीनं पहिल्यांदाच चालत होत्या. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पळाट्या उभ्या होत्या. ऊन मऊ होतं.

सोमवारी लंकाबाईचा गाल सुजला. तिनं पदर ओढून घेतला आणि खिचडी वाढायला उभी राहिली. पण पोरांपासून काय लपतंय? "मावशीच्या तोंडात लिंबू हाय," एकानं जाहीर केलं आणि सगळी पंगत हसली. रोहिणीबाईंनी ते ऐकलं. शनिवारी शाळा सुटल्याबरोबर त्यांनी लंकाबाईला एसटीत बसवलं आणि फलकच्या दवाखान्यात नेलं. फलक चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकलेली, आता दातांची डॉक्टरीण झालेली.

फलकनं दोन दाढा काढल्या. मग आरसा हातात देऊन लंकाबाईला तिचाच गाल आतून दाखवला. आत एक पांढरा चट्टा होता, वाळलेल्या सायीसारखा.

"मावशी, दाढ दुखायची तेव्हा काय करायचात?"

"मिसरी दाबायचे. मुंग्या आल्यागत व्हायचं आन् दुखनं जायचं."

"दुखणं जात नव्हतं, तुम्हाला कळायचं बंद होत होतं. दाढ आतून किडतच होती. दुखायच्या आधी दाखवली असती तर सिमेंट भरून राहिली असती." फलकचा आवाज मऊच होता. "दाढ गेली ती गेली. पण हा चट्टा मला आवडलेला नाही. आज घाबरायचं कारण नाही, पण मिसरी चालू राहिली तर पुढं यातूनच कॅन्सर होऊ शकतो. मिसरी आजपासून बंद. आणि दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं. दुखत असो नसो."

दुखत नसताना डॉक्टरकडं जायचं, हे लंकाबाईनं जन्मात ऐकलं नव्हतं. दुखल्यावरसुद्धा माणूस आधी चार दिवस वाट बघतं.

आता चालता चालता तिची जीभ सारखी त्या रिकाम्या जागेकडं जात होती.

"देवीला बोलले हुते मी," ती म्हणाली. "मोहट्याला येऊन चांदीचे दात वाहीन, पन ह्ये दुखनं ने."

"देवीनं बत्तीस दिले होते, लंकाबाई. राखायचं काम तेवढं आपल्याकडं ठेवलं होतं."

लंकाबाई हसली, आणि गाल ठणकला तशी थांबली. मग तिनं बाईंकडं न बघता विचारलं, "बाई, खोटे उपास केले तर पाप लागतं का वो?"

"खोटे म्हणजे?"

"माजे सोमवार, गुरुवार, शनवार. एकबी खरा न्हाई."

रोहिणीबाई थांबल्या. लंकाबाईचे उपास गावाला ठाऊक होते. लग्नात, जागरण-गोंधळात, शाळेच्या पंगतीत ती सगळ्यांना वाढायची आणि स्वतः हात जोडून म्हणायची, आज माझा वार आहे. रोहिणीबाई स्वतः गुरुवार धरायच्या, तोही कधी कधी जड जायचा. या बाईची भक्ती आपल्यापेक्षा मोठी, असं त्या कितीदा मनात म्हणाल्या होत्या.

"भाकरी चावंना झाली," लंकाबाई सांगू लागली. "आमटीत कुस्करून गिळायची तर लोकांदेखत कशी गिळू? येकदा भाचीच्या लग्नात घास तोंडातनं भाईर आला. समोरची बाई दुसरीकडं बघाय लागली. तवापासून चारचौघांत न्हाई जेवले. देवाचं नाव पुढं केलं. आठ वर्सं झाली."

आठ वर्षं ही बाई घरी जाऊन, दार लोटून, एकटी जेवत होती.

"देव रागवायचा नाही," रोहिणीबाई म्हणाल्या. "त्याला ठाऊक होतं. मी रोज समोर असून मला दिसलं नाही, याचं वाईट वाटतंय."

गाव जवळ आलं तशी लंकाबाई हळू चालू लागली. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा आदिनाथ सुप्याला कंपनीत, रविवारी फोन करायचा. सून दिपालीनं मागच्या दिवाळीत साडीबरोबर एक ब्रश आणि पेस्ट आणली होती. लंकाबाईला तो टोमणा वाटला. "माज्या तोंडाला वास येतो का गं?" असं ती सगळ्यांसमोर बोलून गेली. दिपालीचे डोळे भरले. ब्रश अजून पाकिटातच होता, कोनाड्यात, देवाच्या फोटोमागं. दिपाली त्यानंतर आलेली नव्हती.

राहता राहिली सकाळ. दर रविवारी लंकाबाई चुलीवर जुना तवा ठेवायची, तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची आणि वरवंट्यानं बारीक करायची. तो खमंग, घशात जाणारा वास गल्लीभर फिरायचा आणि बायका डब्या घेऊन हजर व्हायच्या. लंकाबाईच्या हातची मिसरी गावात कुणाला साधत नव्हती. मग आठवडाभर रोज पहाट उजळताना पाच-सहा जणी तिच्या ओट्यावर बसायच्या. एक बोट तोंडात, डोळे अर्धे मिटलेले, आणि कोपऱ्यातून निसटणारं बोलणं: कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली. ऊन पायरीवर आलं की चुळा भरून सगळ्या आपापल्या घरी. शाळा दुपारी सुटली की दुसऱ्या पहाटेपर्यंत तिच्याशी बोलायला कुणी नसायचं.

दोघी ओट्याशी पोचल्या. तवा भिंतीला टेकून उभा होता. उद्या रविवार.

"मी दर तीन महिन्यांनी तुम्हाला घेऊन जाईन," रोहिणीबाई म्हणाल्या. "तारीख माझ्या कॅलेंडरवर लिहिते. पण मिसरीचं तुमचं तुम्हाला बघावं लागेल."

"मिसरीची तलप मोडंल वो. आठ दिस डोकं धरून बसंन." लंकाबाई ओट्यावर बसली आणि शेजारच्या मोकळ्या जागेवरून हात फिरवला. "पन उद्या तवा ठिवला न्हाई तर ह्या जागंला कोन येनार?"

"येतील की. इतक्या वर्षांच्या ओळखी."

"न्हाई यायच्या, बाई. लंकीनं मिसरी सोडली म्हनतील आन् दुसऱ्या ओट्यावर बसतील. राग न्हाई मला. मीबी तेच केलं असतं."

शाळेमागच्या खोलीत रोहिणीबाईही एकट्याच राहायच्या. रोज सकाळी मोरीत उभ्यानं दात घासायच्या आणि समोर सिमेंटची भिंत असायची.

लंकाबाई उठली, आत गेली. कोनाड्यातली उदबत्तीची राख झटकून तिनं ते पाकीट बाहेर आणलं. वरचं प्लास्टिक धुरानं पिवळं झालेलं, आत हिरवा ब्रश. ती ते दोन्ही हातांत धरून उभी राहिली, आणि दवाखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदाच तिनं तोंडावरचा पदर काढला.

"बाई, एक मागू का? उद्या तुमचा ब्रश घिऊन हिकडं या. मला ह्यो कसा धरायचा त्ये दावा. मग जाऊ नका लगीच. ऊन पायरीवर येईस्तवर बसा माज्यापाशी."