वडवणीच्या जुन्या सायकली

जिथं काम करणारे दोन आणि सल्ले देणारे म्हातारे दहा, तिथं किस्से आपोआप साठतात. दहावी अर्धवट सोडून मी वडवणीच्या सायकल संस्थेत लागलो, ते साल दुष्काळाचं. शहरातल्या पोरांनी टाकून दिलेल्या सायकली यायच्या. त्या दुरुस्त करून आम्ही इथल्या पोरांना स्वस्तात विकायचो. आम्ही म्हणजे मी आणि सलीमचाचा. बाकीचं संचालक मंडळ चहा प्यायचं!

*

पंक्चर शोधायला पाणी लागतं, आणि टँकर यायचा आठ दिवसांनी. घमेल्यातलं तेच काळं पाणी आम्ही महिनाभर पुरवायचो. एकदा शेजारची शेळी ते पिऊन चालती झाली. चाचा तिच्यामागं धावले, "अगं थांब, दोन पंक्चर बाकी हायेत!"

तेव्हापासून चाचा ट्यूब गालाला लावून, डोळे मिटून बसायचे. भोक बरोबर सापडायचं. तसा कारागीर मी पुन्हा बघितला नाही.

*

एक आजोबा सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आले. "वाढत्या अंगाचं हाय, मोठीच दे." पोराचे पाय पायडलपर्यंत पोचेनात.

मी म्हटलं, "मग चड्डी पण तुमचीच घाला की त्याला!"

अध्यक्ष अण्णांनी मला तासभर संस्कार शिकवले. नातू तोवर सगळ्यात छोट्या सायकलीवर बसून घंटी वाजवत होता. अण्णांचा एक शब्द मला ऐकू आला असेल तर शपथ!

*

मंदा सातवीतली. आईबाप दरसाली ऊसतोडीला, मागं हीपण. यंदा ती मावशीकडं राहून शाळा शिकणार होती, पण मावशीच्या गावाहून शाळा लांब. सायकल असली तरच जमणार. आईनं आगाऊ पैसे देऊन एक निळी पक्की केली होती.

मंदा रोज यायची. चाचा म्हणायचे, "चेन बसवायची हाय अजून."

"बसवा. मी थांबते." आणि खरंच थांबायची, दिवसभर!

अण्णा म्हणाले, "पोरगी आईबापाजवळच बरी."

"मग तुमची नात हॉस्टेलात कावून हाय?" मी विचारलं.

त्या दिवसापासून माझा चहा बंद!

*

सायकली तयार झाल्या आणि अण्णांनी त्यांना कुलूप ठोकलं. जिल्ह्याचे साहेब येणार, फोटो निघणार, मगच वाटप. साहेबांची तारीख तीनदा पुढं गेली. ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर मात्र वेळेवर आला आणि संस्थेसमोरच उभा राहिला.

मंदाची आई हात जोडून म्हणाली, "अण्णा, आज सायकल न्हाई भेटली तर पोरीला ट्रॉलीत घालावं लागंल."

"साहेबांच्या हातून मिळण्यात शोभा असते बाई. पुढच्या साली बघू."

चाचा हळूच म्हणाले, "टरायल तरी घिऊ द्या. पोरानं चालवून बघितल्याबिगर सायकल इकायची न्हाई, हा तुमचाच नियम हाय."

स्वतःचा नियम म्हटल्यावर अण्णा फुलले. किल्ली दिली. "त्या लिंबापर्यंत जायचं आणि माघारी यायचं!"

आईनं कॅरिअरला दप्तर बांधलं, त्यावर कपड्यांचं गाठोडं.

"टरायलला हे कशाला?" अण्णा.

"वजन झेपतं का बघू की!" आई म्हणाली.

मंदा निघाली. लिंब आला. लिंब मागं पडला. ती वळली नाही. पुढं मावशीच्या गावाचा रस्ता.

ट्रॅक्टर सुरू झाला. अण्णा माझ्यावर ओरडले, "पोरगी कुठाय बे?"

ट्रॉलीत चढता चढता आईच बोलली, "टरायल चालू हाय, अण्णा!"