धुऱ्यावरची खुर्ची

आमचं वावर गावाच्या शिवेवर आहे, आणि शीव म्हणजे फुकटची कचराकुंडी, हे गावानं परस्पर ठरवून टाकलेलं आहे. शिरड शहापूरकडे जाणारा रस्ता ओढ्यापाशी वळतो, तिथेच आमचा धुरा, म्हणजे वावराचा बांध लागतो. गावात माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवायचं नाही, शिवेला नेऊन टाकायचं, अशी रीत. पूर्वी एक वाकळ, एक घोंगडी, फाटकं धोतर, एवढंच निघायचं आणि ते दोन पावसाळ्यांत मातीला मिळायचं. आता माणसं फोमच्या गादीवर मरतात. फोम काही मरत नाही.

तो तुकड्यातुकड्यानं आमच्या हळदीत येतो. सोबत उशा, गोळ्यांची पाकिटं, लघवीच्या पिशव्या. एकदा निंदायला आलेल्या बाईच्या खुरप्याला दातांची कवळी लागली. त्या दुपारी धुऱ्यावर बसून कुणाच्या घशाखाली भाकर उतरली नाही. आधीच तण काय कमी असतं? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. टाकणाऱ्याला विचारलं तर म्हणणार, रीत आहे. ह्या शब्दाची मला आता शिसारी येते.

गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सुरुवातीला आम्ही मोठ्या माणसांचे डायपर आणले. वापरलेले टाकायचे कुठं, ह्याचं उत्तर गावात कुणाकडे नव्हतं. माझा चुलत दीर म्हणाला, "ओढ्यात सोडा की वहिनी, जाते वाहून." जाते कुठं? खालच्या गावाच्या पाण्यात. मी उकिरड्याकडेला खड्डा करून पुरले, तर कुत्र्यानं एक उकरला आणि ओढत ओढत पारापर्यंत नेला. पारावर माणसं बसलेली. त्या दिवशी मी डायपर बंद केले आणि सासऱ्यांच्याच जुन्या धोतरांचे चौकोन कापले. ते धुताना मला किळस यायची, रोज यायची. सवय झाली असं खोटं सांगणार नाही. पण धुतलेलं फडकं दोरीवर वाळतं आणि पुन्हा कामाला येतं.

मग हिंगोलीहून संडासची खुर्ची आणली. मधे भोक, खाली सरकवायचं भांडं, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या. पहिल्यांदा बसवलं तेव्हा सासऱ्यांनी डाव्या हातानं मला खूण केली, बाहेर जा, दार लाव. मी दार लावलं आणि बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. कितीतरी दिवसांनी त्या माणसाला दार लावून घेता आलं होतं.

शेजारच्या घरात माझी चुलत सासू. मी तिला काकी म्हणते. ओढ्यात सोडा म्हणणारा तो दीर तिचाच मुलगा. न्हाणीत पडून काकीचं खुब्याचं हाड मोडलं; ऑपरेशन झालं, पण उकिडवं बसता येईना. मुलगा-सून दिवसभर वावरात. उठवायला, बसवायला घरात कुणी नाही, म्हणून म्हातारीनं एक उपाय काढला. तिनं पाणी पिणं सोडलं. सकाळी चहाचे दोन घोट, रात्री भाकरीबरोबर पातळ वरण. ओठ फुटून पापुद्रे निघालेले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला की म्हणायची, "तहानच लागत न्हाई गं मला." उन्हाळ्यात, पत्र्याच्या घरात, तहान लागत नाही!

मी दिराला सांगितलं, अशी एक खुर्ची आणा. तो म्हणाला, "वहिनी, आता किती दिवसाची हाय ती? काहून घरात सामान वाढवून ठेवायचं?" जन्म दिलेल्या बाईबद्दल बोलत होता तो, आणि पान खात होता. मी तेव्हाच ठरवलं, सासऱ्यांचं झालं की ही खुर्ची काकीला द्यायची. तोवर काकीला उचलून आमच्या घरी आणणं शक्य नव्हतं, आणि सासऱ्यांना खुर्चीशिवाय एक दिवस निघत नव्हता.

सासरे गेले. पुरुष राख सावडून आल्यावर मी आत बायकांत बसले होते. पाण्याला म्हणून उठले तर त्यांची खोली रिकामी. दीर अंगणात हात धूत होता.

"खुर्ची कुठं हाय?" मी विचारलं.

"समदं ट्रॉलीत घालून शिवेला टाकून आलो. घर कसं मोकळं झालं बघा."

"कोणत्या शिवेला?"

"नेहमीच्याच."

नेहमीची म्हणजे आमचाच धुरा. आमच्या घरचं सामान आमच्याच भाऊबंदानं आमच्याच वावरात फेकलं आणि वर घर मोकळं केलं म्हणून शाबासकी मागत होता. सासऱ्यांचा मोबाइल मात्र खोलीत नव्हता आणि ट्रॉलीतही गेला नव्हता. त्यांची बॅटरी, त्यांची छत्री, त्यांचा फवारणीचा पंप, ह्यातलं काहीसुद्धा शिवेला गेलं नाही. पंप तर सासरे गेल्यावर दुसऱ्याच दिवशी दीर मागून घेऊन गेला होता. आमच्याकडे विटाळ वस्तू बघून लागतो.

सुतकात बाईनं असं बाहेर पडायचं नसतं. बायका "अगं, अगं" करत राहिल्या आणि मी निघाले.

धुऱ्यावर वास आधी आला. कुणीतरी आधीच टाकलेली दुसऱ्या मयताची गादी, खालून ओढ्याच्या पाण्यानं भिजून फुगलेली, ढिगावरून घसरून आमच्या सामानावर पडली होती. खुर्चीचा एक पाय तेवढा बाहेर दिसत होता. मी नाकाला पदर बांधला आणि गादी ओढली. ती मधोमध फाटली. आतून उंदराची पिल्लं पडली, उघडी, गुलाबी, वळवळणारी. मी तिथेच बाजूला होऊन ओकले. मग पुन्हा ओढली. त्या क्षणी मला उंदरांपेक्षा माणसांची जास्त घाण वाटत होती. उंदीर निदान स्वतःच्या पोरांसाठी जागा शोधत होते.

खुर्ची डोक्यावर घेऊन मी भर गावातून आले. सुतकातली बाई आणि डोक्यावर संडासची खुर्ची! बघणाऱ्यांनी तोंडं फिरवली, पोरं हसली. हसू द्या.

राखेनं घासली, सोड्यानं धुतली, फिनेल ओतलं, दिवसभर उन्हात ठेवली. तोवर ट्रॉलीतून गेलेलं बाकीचंही शिवेवरून उचलून आणलं. कापसाच्या गादीची खोळ उसवून भट्टीच्या, म्हणजे सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातली, आतला कापूस शेणात कालवून उकिरड्यात दाबला, तो कुजतो. न फोडलेल्या गोळ्यांची पाकिटं नवऱ्यानं हिंगोलीच्या दुकानात परत नेऊन दिली. एवढंच करायचं असतं. ह्याला काही फार अक्कल लागत नाही, फक्त ओंगळ कामाला हात लावायची तयारी लागते, आणि तिथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन काकीच्या दारात गेले. दीर उंबऱ्यावर आडवा उभा राहिला.

"वहिनी, मेलेल्या माणसाचं सामान आत न्हाई घेत आमी. लेकराबाळाचं घर हाय."

"मग पंप काहून घेतला? तो काय जित्या माणसाचा हाय?"

"पंपाची गोष्ट निराळी."

"कशी निराळी? सांगा ना."

त्यानं पान ह्या गालातून त्या गालात सरकवलं. तेवढ्यात आतून काकीचा आवाज आला, फाटका, कोरडा.

"कोण हाय? काय आणलं?"

मी तिथूनच मोठ्यानं सांगितलं. मामंजींची खुर्ची आहे, धुतलेली आहे, तुमचा मुलगा आत येऊ देत नाही.

आत म्हातारी हसली. खोकत खोकत हसली.

"तुझा सासरा दीर व्हता माझा. माझ्या लग्नात मी बसायच्या आधी माझ्या पाटावर जाऊन बसला, आन उठंच ना. समदा मांडव हसला. आता त्याच्या खुर्चीवर मी बसते. आन ती आत!"

दिराला बाजूला व्हावं लागलं. खुर्ची मी खाटेजवळ ठेवली. काकीनं दांडी धरून बघितली, हलवून बघितली, भांडं सरकवून बघितलं. बाजारात बैल बघावा तसं तिनं ते सगळं बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाणी दे."

मी तांब्या दिला. तो तिनं दोन्ही हातांनी धरला आणि थांबून थांबून, मधे श्वास घेत, सगळा रिकामा केला. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. दीर दारातच उभा होता, पान तसंच गालात धरून. काकीनं रिकामा तांब्या माझ्याकडे दिला नाही. हात लांब करून तिनं तो मुलासमोर धरला.

"भरून आन," ती म्हणाली.