शिष्टमंडळाचा आचारी

ज्या हातांनी रामाला नैवेद्य शिजवला, त्या हातांची ही कथा आहे, सज्जनहो. ऐकताना टाळी वाजवू नका. नुसते मन द्या. ते हात फार दमले होते.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाना ओली या बाजारपेठेच्या गर्दीत, मधुसूदनभट आपल्या पत्नीसह राहत असे. गोरखीच्या, म्हणजे जुन्या राजवाड्याच्या, मागे एक लहानसे राममंदिर होते. त्याचा मुदपाक, म्हणजे देवाचे स्वयंपाकघर, त्याच्याकडे होता. पहाटेचे स्नान, ओले सोवळे, पेटलेली चूल, वाफाळणारा भात, आणि दुपारी पडद्याआड ठेवलेले ते भरले ताट: एवढाच त्याचा संसार, एवढाच त्याचा परमार्थ. मी त्याच मंदिरात कीर्तनसेवा करी. एकदा मी त्याला विचारले, "मधुभट, रामापाशी आज काय मागितलेत?" तो म्हणाला, "मागायला फुरसत कुठे, बुवा? भात उतू जातो."

सन एकोणीसशे अकराच्या सुमारास दरबाराने एक शिष्टमंडळ विलायतेला पाठवायचे ठरवले. आमच्या कारागिरांचे दगडी जाळीकाम, आमचे गालिचे, चंदेरीचे तलम वस्त्र तिथल्या प्रदर्शनात मांडावे. तिथल्या व्यापाऱ्यांना भेटावे. त्यांनी ग्वाल्हेरीत कारखाने काढावेत. शहराचे नाव समुद्रापलीकडे जावे. हेतू थोर होता. अडचण समुद्राचीच होती. मंडळातले बहुतेक गृहस्थ दक्षिणी ब्राह्मण. परतल्यावर पंक्तीला कोण घेणार?

राममंदिराचे शास्त्रीबुवा हेच आमच्या ब्रह्मवृंदाचे प्रमुख. त्यांनी निर्णय दिला, "समुद्र ओलांडा, पण अन्न आपले ठेवा. सोवळ्यातल्या हाताचे जेवाल, तर परतल्यावर स्नान आणि तीर्थ पुरे. परक्याचे जेवाल, तर क्षौर, पंचगव्य, पूर्ण प्रायश्चित्त."

म्हणून शिष्टमंडळाबरोबर मधुभटाला धाडण्यात आले. त्याने तांदूळ, डाळ, गूळ, तूप, गंगाजळाचे गडू बांधून घेतले. पत्नी राजलक्ष्मी म्हणाली, "सगळ्यांचं सोवळं सांभाळायला तुम्हीच एक मिळालात का हो?"

"रामाची आज्ञा समज."

"रामाची कसली! महिपतरावांची आज्ञा. राम बिचारा इथंच राहतोय, दुसऱ्याच्या हातचं खायला."

महिपतराव हे मंडळाचे प्रमुख. गोरे, भारदस्त, बोलण्यात गोड माणूस.

विलायतेत एका घराच्या तळघरात चूल मिळाली. कोळशाचा धूर, दगडाची ओल, खिडकीतून दिसणारे वाटसरूंचे बूट. मधुभट रोज रांधी. रोज पाट मांडी, रोज ताटे वाढी. वरण, भात, भाजी, चटणी. वर तुपाची धार. आणि वाट पाही. मंडळी प्रदर्शनात असत. मग कुठल्या कारखानदाराच्या घरी, कुठल्या क्लबात, कुठल्या महापौराच्या मेजवानीत. ताटातला भात निवे, त्यावर साय धरावी तशी तुपाची पापडी धरे. शेवटी तो एकटा एका ताटावर बसे, बाकीचे अन्न पक्ष्यांना घाली. उद्या पुन्हा चूल.

एकदा महिपतराव जिना उतरून खाली आले. डोक्यावरची पगडी त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि पायरीवरच बसले.

"रागावू नका, भटजी."

"रागवायचं काय, रावसाहेब? दोन घास तरी घ्या."

"पोटात जागा नाही. आज तीन ठिकाणी जेवलो आणि तिन्ही ठिकाणी तेच सांगितलं: आमचा दगड, आमचे गालिचे, आमचं शहर. ही माणसं कचेरीत हूं की चूं करत नाहीत. टेबलाशी बसलं, त्यांच्या पेल्याला पेला लावला, की मग म्हणतात, हां, गालिच्यांचं बोलू. जेवल्याशिवाय गोष्टच निघत नाही. मी काय जिभेच्या चोचल्यासाठी जातो असं वाटतं तुम्हाला?"

"नाही वाटत," मधुभट म्हणाला. आणि ते खरे होते. त्या भारदस्त माणसाच्या डोळ्यांखाली आता काळी वर्तुळे होती.

हिवाळा आला. धुक्याने मधुभटाच्या छातीत घर केले. एके दिवशी चूल पेटवता पेटवता तो तिथेच कोसळला. मंडळी दुसऱ्या गावी गेली होती. घराची मालकीण, एक म्हातारी विधवा, खाली आली. तिने त्याला आपली शाल पांघरली, डोके मांडीवर घेतले, आणि वाटीतले काहीतरी ऊन ऊन चमच्याने पाजले. त्यात काय होते ते त्याने विचारले नाही. त्याला भाषाही येत नव्हती, आणि सज्जनहो, आईला असे कोणी विचारते का? ती रोज आली. रोज त्याने ते घेतले. बरा झाला, उठला, नाहला आणि पुन्हा सर्वांसाठी रांधू लागला.

फाल्गुनात मंडळी परतली. गालिच्यांची मागणी मिळाली होती. कारखान्यांची नुसती आश्वासने. मंडळी कोणाच्या हातचे जेवली याची मधुभटाची साक्ष ब्रह्मवृंदाच्या सभेत व्हायची होती. आदल्या दिवशी महिपतराव टांग्यातून दाना ओलीत उतरले.

"भटजी, उद्या गंगाजळात हात घालून एवढंच म्हणायचं, मंडळी माझ्या हातचं जेवली, आणि मी सोवळ्यात होतो. बस."

"आणि?"

"आणि रामनवमी तोंडावर आहे. मुदपाक तुमची वाट पाहतोय. उगीच कुणीच परेशान व्हायला नको. माझी आई माझ्या हातचं पाणी घेत नाहीये हो, कालपासून."

ते गेल्यावर राजलक्ष्मी म्हणाली, "म्हणून टाका. एक वाक्य तर आहे. त्या चुलीशिवाय तुम्ही जगणार आहात का?"

मधुभटाला त्या चुलीशिवाय काहीच नको होते. सबंध प्रवासात, बोटीच्या हेलकाव्यात, तळघराच्या ओलीत, एकच आस: पुन्हा ते ओले सोवळे नेसावे आणि रामापुढे ताट ठेवावे.

सकाळी सभामंडप भरला. तांब्याच्या पात्रात गंगाजळ, वर तुळशीपत्र. शास्त्रीबुवांनी विचारले, "मधुसूदना, मंडळी तुझ्या हातचं जेवली?"

मधुभटाने पात्रात हात घातला. "वाढलं मी रोज, शास्त्रीबुवा. त्यांचं त्यांना विचारा. मला माझं विचारा."

"तुझं काय विचारायचं?"

"मी आजारी पडलो. तिथल्या बाईनं मला वाटीतून पाजलं. तिच्या हातचं, तिच्या चुलीवरचं. काय होतं माहीत नाही. बरं वाटलं, म्हणून पुष्कळ दिवस प्यालो. आणि मग तेच हात घेऊन पुन्हा रांधलं."

मंडपात कुजबुज उठली. शास्त्रीबुवा हळूच म्हणाले, "म्हणजे तुझं सोवळं मोडलं. आणि त्यानंतर तुझ्या हातचं जे जेवले, त्यांचंही मोडलं."

सगळ्या माना शिष्टमंडळाकडे वळल्या. जेवलो म्हणावे, तर बाटलेल्या हातचे. नाही म्हणावे, तर मग कोणाचे? महिपतरावांनी पगडी उतरवली.

"शास्त्रीबुवा, आम्हा सगळ्यांनाच द्या प्रायश्चित्त. भटजी वाढत होते, आम्ही बाहेर जेवत होतो. शहरासाठी जेवलो, पण जेवलो. आता खोटं बोलायलासुद्धा अंगात त्राण नाही."

मंडळाचे चिटणीस लक्ष्मीकांतपंत कळवळले, "पण क्षौरात मिशा राहिल्या तर नाही का चालणार?"

"राहू द्या की," मागून कोणीतरी म्हणाले, "पुढच्या खेपेला गालिच्यांबरोबर पाठवू!"

मंडप हसला. मधुभट हसला नाही. तो शास्त्रीबुवांच्या तोंडाकडे पाहत होता.

प्रायश्चित्त झाले. डोकी झाली, पंचगव्य झाले, सारे पंक्तीला आले. मग मधुभटाने विचारले, "आणि मुदपाक?"

शास्त्रीबुवा वाईट माणूस नव्हते. "पंक्तीला बस, बाबा, आनंदानं बस. पण देवाच्या नैवेद्याला तो हात आता नाही लावता येणार. शास्त्र आहे."

"बरं," मधुभट म्हणाला. एवढेच.

रामनवमीला मुदपाकात दुसरा आचारी होता. दरवर्षी जन्माच्या कीर्तनाच्या वेळी मधुभट चुलीपाशी असे. त्या कीर्तनातला माझा शब्द त्याने आयुष्यात कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो प्रथमच श्रोत्यांत, खांबाला टेकून बसला. मी आख्यान लावले. शरयूचे वर्णन चालू असता पाहतो तो, त्याची मान कलली होती. हात मांडीवर उघडे पडले होते, नखांत अजून कोळसा होता. तो गाढ झोपला होता.

दुपारचे बारा वाजत आले. आता शंख, घंटा, गुलाल, जयघोष. मी मृदंगवाल्याला खूण केली आणि आवाज उतरवला. बायकांनी पाळण्याची दोरी धरली. त्या वर्षी ग्वाल्हेरच्या त्या मंदिरात रामाचा जन्म फार हळू आवाजात झाला.